तिला सांगू नका

माझी थोरली बहीण बोटीवरून येणाऱ्या पाहुण्यांना गाव दाखवायची. पायी. धक्क्यावर मोठी प्रवासी बोट लागली की ही पिवळी छत्री उघडून शिडीच्या पायथ्याशी उभी राहायची. उतरणाऱ्यांना पहिलंच वाक्य ठरलेलं: "माझ्या तोंडाकडे नका बघू, छत्रीकडे बघत चला. तोंड रोज म्हातारं होतं, छत्री तेवढीच राहते." लोक हसायचे. मग ही चालायला लागायची आणि सगळे बदकांच्या पिल्लांसारखे मागोमाग.

परक्या भाषा ती शाळेत शिकली नव्हती. आमचे वडील धक्क्यावर हमाल होते आणि ताई वयात येताच खलाशांच्या कॅन्टीनमध्ये बशा विसळायला लागली. तिथे चार देशांच्या शिव्या आधी शिकली, बाकीचं नंतर. पुढे नदी गाळाने भरत गेली, मालाच्या बोटी खाली नदीच्या मुखाशी थांबायला लागल्या आणि आमच्या धक्क्यावर गवत उगवलं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की प्रवासी बोटी भरतीवर आत येऊ शकतात, जुनं गाव बघायला लोक येतील. आले. बोटींच्या कंपनीने ताईला बिल्ला दिला, छत्री दिली आणि तिचं बरं चाललं.

भाऊजी पूर्वी नदीतला गाळ काढायच्या यंत्रावर होते. ते यंत्र भंगारात गेल्यापासून दारातच बाकडं टाकून पंखे दुरुस्त करायचे. घरात ताईच्या सासूबाई. त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्या घरात भांडण कधी रंगलंच नाही. एक बाजू ओरडायची आणि दुसरी शांतपणे मान हलवायची. मी मागच्याच खोलीत राहते, शिवणकाम करते. मध्ये एक भिंत आहे, पण ती असून नसल्यासारखी. म्हणून मी जे सांगते आहे त्यातलं थोडं पाहिलेलं आहे, थोडं भिंतीतून ऐकलेलं आणि बाकीचं ताईने नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं.

तो दिवस पावसाआधीच्या दिवसांतला होता, जेव्हा नदीवरूनसुद्धा वारा येत नाही. सकाळीच अंगाची लाही होत होती. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. ताईने धक्क्यावर सुपरवायझरला विचारलं, "आज फेरी अर्धी करू का? कोर्टापर्यंत नेते आणि परत आणते."

"बाजार कोण दाखवणार?" तो म्हणाला. "बाजार चुकला की तक्रार येते. मागच्या वेळचं विसरलीस?"

मागच्या वेळी ताईने एका बाईला म्हटलं होतं की तुमच्या वयाला हे चालणं झेपणार नाही. बाईंना ते लागलं. त्यांनी वर कळवलं आणि ताईला ऑफिसात बोलावून सांगण्यात आलं की पाहुण्यांचं वय काढायचं नाही. त्यांना लहान मुलासारखं वागवायचं नाही. ते सुट्टीवर आलेले असतात.

ताईने छत्री उघडली.

त्या घोळक्यात एक म्हातारा होता. उंच, ताठ, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोकं उघडं. तो पहिल्यापासून ताईच्या बरोबरीने चालत होता, अगदी खांद्याला खांदा लावून, आणि एकामागून एक प्रश्न विचारत होता. नदीची खोली किती, भरती कुठपर्यंत चढते, हा खांब कशाचा. आयुष्यभर पूल बांधले होते म्हणे त्याने. त्याची बायको मागे होती, शेवटच्या बायकांमध्ये. ताईला वाटलं की एकटाच आहे. ती त्याची बायको आहे हे तिला कोर्टाच्या पायऱ्यांपाशी कळलं.

तिथे सावलीत सगळ्यांना थांबवून ताई कोर्टाची गोष्ट सांगत होती. ती संपवून वळली तर म्हातारा पायरीवर बसलेला. चेहरा तांबडालाल, पण घाम नाही. ताईने पाण्याची बाटली पुढे केली.

"बरं वाटत नाहीये का?"

"डोकं जरा हलकं झालंय," तो हळू आवाजात म्हणाला. "एवढंच. तिला सांगू नका." आणि त्याने हनुवटीने मागच्या बायकांकडे दाखवलं. "ती करड्या केसांची, ती माझी बायको. तिला कळलं तर लगेच बोटीवर नेऊन झोपवेल."

"मग जाऊ या ना परत. मी रिक्षा बोलावते."

"मी लहान मूल नाही," तो म्हणाला.

हे नेमके तेच शब्द होते, ऑफिसातले. ताई म्हणते, ते ऐकलं आणि माझी जीभ आत गेली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मागे त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती एका दारावरचं कोरीवकाम बघत उभी होती. हाक मारायला दहा पावलांचंही अंतर नव्हतं. ताईने हाक मारली नाही. म्हाताऱ्याला छत्रीखाली घेतलं, चाल मंद केली आणि बाजाराकडे निघाली.

दोरखंडवाल्यांच्या गल्लीत त्याची जीभ अडखळायला लागली. त्याने विचारलं, "पूल किती लांब आहे?" तिथे पूल नव्हताच. ताई थांबली आणि वळून हाक मारणार एवढ्यात तो भिंतीला धरून खाली घसरला. ओरडला नाही, काही नाही. कोट खुंटीवरून खाली यावा तसा आला.

एका दोरखंडवाल्याने त्याला दुकानात ओढून घेतलं आणि दोरांच्या वेटोळ्यांवर आडवं केलं. कुणी पाणी ओतलं, कुणी पुठ्ठ्याने वारा घातला. अॅम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली; आत येण्याइतकी गल्ली रुंद नव्हती. शेवटी हातगाडीवर घालून त्याला बाहेर काढलं. बायको गाडीच्या कडेने चालत होती आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण काढायचा प्रयत्न करत होती. गाडी हलत होती, बटण निघत नव्हतं. हे ताईला सगळ्यात जास्त आठवतं. बाकीचा घोळका गल्लीत तसाच उभा होता; त्यांना परत न्यायला दुसरा गाईड आला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. बाहेर येऊन त्यांनी ताईलाच सांगितलं आणि ताईने बाईंना. तोपर्यंत ताई त्या भाषेत शेकडो वाक्यं बोलली होती, इमारतींची, राजांची, लढायांची. हे एक वाक्य तिला कधी लागलं नव्हतं. ते तिने चुकीचं म्हटलं. "संपला" म्हणायचं होतं आणि "बंद झाला" असं काहीतरी म्हणाली, दुकानाबद्दल म्हणतात तसं. बाईंना समजलं.

बोट थांबू शकत नव्हती. भरती ओसरली की तळ गाळात रुततो आणि मग दुसऱ्या भरतीपर्यंत हलता येत नाही. बोटीवरचा एक अधिकारी पांढऱ्या गणवेशात हॉस्पिटलात आला. त्याने टोपी काढून हातात धरली आणि बाईंना म्हणाला की तुम्ही चला, मृतदेहाची व्यवस्था कंपनी करेल. बाईंच्या मुलाने फोनवर तेच सांगितलं: आई, तू बोटीवर जा, मी येतो. बाई सगळ्यांचं ऐकून घेत होत्या आणि मान हलवत होत्या.

"मी त्याला इथे एकटं टाकून जाणार नाही," त्या म्हणाल्या. तेवढंच.

ताई बाईंबरोबर धक्क्यावर गेली तेव्हा बोट निघाली होती. मोकळ्या धक्क्यावर, उन्हात, दोन बॅगा उभ्या होत्या. बोटीवरच्या पोऱ्यांनी भरून उतरवलेल्या. शेजारी कुणी नाही.

सुपरवायझरने हॉटेलची सोय केली होती. ताई त्यांना दारापर्यंत घेऊन गेली, पण निघायची वेळ आली तेव्हा बाईंनी तिचं मनगट धरलं ते सोडेचनात.  नुसतं धरून उभ्या राहिल्या. मग ताई त्यांना घरी घेऊन आली.

भाऊजी दारात पंखा उघडून बसले होते. त्यांनी आधी बॅगा पाहिल्या, मग बाई, मग ताईचं तोंड, आणि काही न विचारता बाकडं बाजूला सरकवलं. पलंग त्या बाईंना दिला. दुरुस्तीला आलेल्या पंख्यांतला सगळ्यात चांगला त्यांच्या उशाशी लावला. ज्याचा होता तो न्यायला आला तर भाऊजींनी त्याला सांगितलं की मोटार जळली आहे, परवा ये.

बाई आमच्याकडे राहणार होत्या, कागदपत्रं होईपर्यंत आणि मुलाचं विमान येईपर्यंत. गल्लीत त्यांना सगळे पाहुणीबाई म्हणायला लागले. त्यांना आमची भाषा येत नव्हती, सासूबाईंना कुणाचीच भाषा ऐकू येत नव्हती, त्यामुळे त्या दोघींचं छान जमलं. सासूबाई तांदूळ निवडायला बसल्या की पाहुणीबाई समोर बसून खडे काढायच्या. सासूबाई जुन्या काळच्या तक्रारी सांगायच्या, पाहुणीबाई त्यांच्या भाषेत काही बोलायच्या, आणि दोघी अधूनमधून मान हलवायच्या. मी एकदा खिडकीतून पाहिलं आणि मला हसू आलं, मग हसल्याबद्दल वाईट वाटलं.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी एक बॅग उघडली. सगळ्यात वर एक गवती टोपी होती, कोरी. त्या टोपीवरूनच सगळं सुरू झालं होतं. सकाळी नाश्त्याला त्यांनी नवऱ्याला सांगितलं, टोपी घाल. तो म्हणाला, ती टोपी घालून मी बागेतलं बुजगावणं दिसतो. त्या म्हणाल्या, मग जळ उन्हात. त्यावरून एवढं वाढलं की दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. म्हणून तो पुढे चालत होता. म्हणून त्या मागे होत्या. हे सगळं त्यांनी ताईला सांगितलं, टोपी मांडीवर घेऊन, आणि मग विचारलं, "तुम्ही त्याच्याबरोबर होता. शेवटी तो काय बोलत होता?"

ताई खोटं बोलली. म्हणाली, "नदीबद्दल विचारत होते. खुशीत होते. छान गाव आहे म्हणाले."

पाहुणीबाईंनी ते उत्तर पाण्यासारखं पिऊन घेतलं. मुलाला फोनवर सांगितलं, त्याला त्रास झाला नाही, तो नदीबद्दल बोलत होता. बहिणीला सांगितलं. भाऊजींना खुणा करून सांगितलं. दर वेळी ताई तिथे असली तर तिच्याकडे बघायच्या आणि ताईला मान हलवावी लागायची. भाऊजी मला म्हणाले, "तुझी बहीण जेवत नाही. बघ जरा." मी विचारलं तर म्हणाली, उष्म्याने भूक मेली आहे.

पुढे पाहुणीबाईंचं बोलणं बदलत गेलं. आधी नदी होती, मग त्या स्वतःवर आल्या. दुपारी पलंगावर पडल्या पडल्या म्हणायच्या, मी मागे राहिले म्हणून तो गेला. मी शेजारी असते तर त्याने मला सांगितलं असतं. तो माझ्यापासून कधी काही लपवायचा नाही. मला शोधत असेल तो, मागे वळून बघत असेल, आणि मी दारं बघत होते. हे रोज. दोनदा-तीनदा. शेवटी तर त्यांनी खाणंच सोडलं. भात पुढे ठेवला की ताटाकडे बघत बसायच्या.

ताईने खूप विचार केला असं नाही. तिला वाटलं, या बाईच्या डोक्यावर जे ओझं आहे ते हिचं नाहीच. ते उतरवता येईल. फक्त तोंड उघडायला हवं.

मी त्या वेळी भिंतीपलीकडे शिलाई मारत होते. ताईचा आवाज ऐकू आला म्हणून मशीन थांबवली. त्यांची भाषा मला येत नाही, पण आवाज समजतात. ताई हळू बोलत होती, थांबत थांबत.  नंतर ताईने ते मला शब्दाशब्दाने सांगितलं.

ती म्हणाली, "बाई, तुमचा दोष नाही. त्यांना तुम्हाला कळू द्यायचंच नव्हतं. कोर्टाच्या पायरीवर बसले होते, डोकं हलकं झालंय म्हणाले. मला म्हणाले, तिला सांगू नका. तुम्ही शेजारी असता तरी त्यांनी सांगितलं नसतं."

पाहुणीबाई उठून बसल्या. "कोर्टाच्या पायरीवर?"

"हो."

"ते कोर्ट बाजाराच्या आधी लागतं."

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

ताईने मान हलवली.

"मी तिथेच होते," पाहुणीबाई म्हणाल्या. "मी त्या दारापाशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला आठवतंय, तुम्ही बघितलंत आणि मी हसले."

ताई म्हणाली, "हो. बघितलं होतं."

त्यावर बाईंनी आरडाओरडा केला नाही. त्या पलंगावरून उतरल्या, टोपी बॅगेत ठेवली, बॅग बंद केली. दुसरी बॅग बंद होत नव्हती. त्यावर गुडघा टेकून बंद केली. ताई मदतीला पुढे झाली तर तिचा हात त्यांनी बाजूला केला. सासूबाईंना काही कळलं नव्हतं, त्या तांदळाचं सूप पुढे करून बसल्या होत्या, ये म्हणून. पाहुणीबाईंनी त्यांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि बाहेर जाऊन रिक्षाची वाट बघत उन्हात उभ्या राहिल्या. सावलीत या म्हटलं तर आल्या नाहीत.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला आणि त्यांना हॉटेलातून घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेला. तिथे ताईला बोलावलं. ताईने काही नाकारलं नाही. फेरी अर्धी करू का असं आपण विचारलं होतं हे तिने सांगितलं, पण सुपरवायझरला ते आठवत नव्हतं. पाहुण्यांचं वय काढू नका असं कोणी सांगितलं होतं, तेही ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं. सगळ्यांनी अंग काढून घेतलं. कंपनीला एक माणूस हवं होतं आणि ते आयतं समोर उभं होतं, वर कबूलही करत होतं. तिथल्या तिथे बिल्ला काढून घेतला.

मुलगा तिच्याशी एकदाच बोलला. जाताना म्हणाला, "तुम्ही आईला ठेवून घेतलंत, त्याबद्दल मी आभार मानणार होतो." आणि गेला.

ताई घरी आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. भाऊजींनी तर पाना फेकून दिला. म्हणाले, "कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला? ती एक-दोन दिवसांत जाणारच होती. तो नदीबद्दल बोलत होता असं समजून सुखाने गेली असती."

"सुखाने नव्हती जात," ताई म्हणाली. "स्वतःला खात होती."

"मग आता तुला खाते आहे. झालं समाधान?"

 सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि नेहमीप्रमाणे मान हलवली.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण कंपनीने पायी फेऱ्याच बंद केल्या. आता बोट लागली की धक्क्यावर बंद काचांच्या एसी बस उभ्या असतात. पाहुणे बसमधून गाव बघतात, बाजारापाशी उतरतात, परत चढतात. बसमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज असतो, त्यामुळे गाईड लागत नाही. ताईबरोबरचे सगळे घरी बसले. त्यातले काही तर तिनेच तयार केलेले. त्यांच्या पोटावर पाय आला तो तिच्यामुळे, असं त्यांनी धरलं आणि त्यात अगदीच खोटं काही नव्हतं. ज्या बायका तिला रस्त्यात थांबवून गप्पा मारायच्या त्या आता दुकानाच्या पाट्या वाचत पुढे जातात. एकीने तर मला तोंडावर विचारलं, "तुझ्या बहिणीला बोलायची एवढी हौस होती तर वेळेवर का नाही बोलली?"

 घरी येऊन मी तेच ताईला विचारलं, जरा मऊ करून. ती भांडी घासत होती.

"तेच तर," ती म्हणाली. "कोर्टाच्या पायरीवर बोलायला हवं होतं, नाहीतर कधीच नाही. मी मधेच बोलले."

पाहुणीबाईंकडून पुन्हा काही आलं नाही. येईल असं ताईलाही वाटलं नव्हतं.

ती आता नदी ओलांडणाऱ्या लाँचच्या तिकीटखिडकीत बसते. पत्र्याची टपरी आहे, दुपारी भट्टी होते. समोर उतारू उन्हात उभे राहतात, कारण छप्पर फक्त खिडकीपुरतं आहे. तिने ठेकेदाराकडे प्यायच्या पाण्याची सोय मागितली. तो म्हणाला, समोर एवढी नदी आहे. त्यानंतर ती घरूनच पाण्याचा कॅन न्यायला लागली. जड असतो. काही दिवस मी तिला कमरेला हात लावून थांबत थांबत जाताना बघत होते. मग एका सकाळी पाहिलं तर कॅन भाऊजींच्या सायकलच्या कॅरिअरला बांधलेला होता आणि ते हवा भरत होते. आता रोज तेच नेऊन पोचवतात.